पाण्यातल्यांना विचारून

डॉक्टर नासिमियूंनी आपली खुर्ची बाजूला सरकवली आणि म्हणाल्या, “बघा. तुमचीच आहेत.” मी वाकून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एवढंच घडलं, आणि तसं पाहिलं तर त्यात काहीच नव्हतं. मी नैरोबीच्या कोर्टात दुभाषी आहे. आमच्या बाजूचं कुणी कठड्यात उभं राहिलं की त्याचं बोलणं न्यायाधीशांना आणि न्यायाधीशांचं त्याला, असा माझा दिवस जातो. कुणी गाय हाकलून नेलेली असते, कुणी मेहुण्याचं डोकं फोडलेलं असतं, आणि मला दोन्हीकडचे शब्द लागतात. त्यामुळे काय दिसतंय याच्या आधी माझं लक्ष त्या ‘तुमचीच’कडे गेलं. डॉक्टर स्वाहिलीत बोलत होत्या. स्वाहिलीत वस्तूंना लागणारं ‘तुमचं’ निराळं आणि जिवांना लागणारं निराळं. त्यांनी जिवांचं वापरलं होतं. बाईंची जीभ घसरली असेल, असं मनात म्हणेपर्यंत डोळ्याला उजेड सवयीचा झाला. पिवळ्या उजेडाचं एक गोल अंगण, आणि त्यात बारीक करड्या काड्या. काड्या चालत होत्या. एक सरळ निघाली, थबकली, गिरकी घेऊन दुसरीकडे वळली, घरी काहीतरी विसरलेल्या बाईसारखी. एक मधोमध आवळलेली होती; मी बघत असतानाच ती सुटली, दोन झाल्या, दोघी दोन दिशांना गेल्या, आणि यातली आई कोण आणि लेक कोण हे विचारायला जागाच उरली नाही. काचेखाली छोटी शेगडी होती, तिची धग माझ्या गालाला लागत होती. “यांना जवळजवळ उकळतं लागतं,” डॉक्टर म्हणाल्या. “थंड झालं की झोपतात.” “किती झोपतात?” मी विचारलं. “तुम्ही तरुण असाल तेव्हा नेली होती ती. परदेशात, बर्फाहून गार पेटीत होती. परवा ऊब दिली, उठली.” दुपारची झोप काढून कुणी उठावं, अशा आवाजात त्या सांगत होत्या.

फोनवर मला सगळं आधी सांगितलेलं होतं, पण फोनवर ते कोर्टातल्या कुठल्याही प्रकरणासारखं वाटलं होतं. आमच्या बोगोरिया तळ्याच्या काठी उकळते झरे आहेत. तिथून कुणी परदेशी माणसांनी बाटल्यांत पाणी भरून नेलं. त्या पाण्यातल्या या काड्या एक रस सोडतात, तो रस कपड्याचा रंग खातो. नव्याकोऱ्या जीनच्या पँटी त्याने वापरलेल्या दिसतात, चिवट डाग निघतात, आणि त्याच्या जिवावर कुठलीतरी कंपनी गब्बर झाली. आता कायदा असा आला की ज्यांच्या जमिनीतला जीव त्यांना विचारायचं, आणि त्यातून जे निघेल त्यात त्यांचा वाटा ठेवायचा. विचारायचं म्हणजे त्यांच्या भाषेत, नीट समजावून. डॉक्टरांच्या संशोधन संस्थेने हे काम त्यांच्यावर टाकलं होतं, आणि डॉक्टर देशाच्या पश्चिमेकडच्या, त्यांना आमच्या भाषेतलं ‘पाणी’सुद्धा येत नव्हतं. येत्या शनिवारी तळ्याकाठी आमच्या जुन्या माणसांची बैठक होती. मी डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून सांगायचं होतं की तुमच्या पाण्यातून आम्ही हे नेलं होतं, आणखी वापरू का. ‘हे’ म्हणजे काय, तो शब्द मी शोधायचा होता.

बाहेर पडले आणि बसमध्ये न चढता चालत सुटले. मला कुणाच्या खांद्याला खांदा लावून बसायचं नव्हतं. रस्त्यावर मात्र सुटका नव्हती, कारण निम्मं शहर जीन घालून हिंडत होतं. गुडघ्यावर विटलेली, मांडीवर पांढुरकी, मुद्दाम म्हातारी केलेली. जुन्या कपड्यांच्या बाजाराजवळ तर त्यांचे डोंगर लागले होते आणि विकणारा ओरडत होता की वापरलेली आहे पण दिसते नवी, आणि शेजारचा ओरडत होता की नवी आहे पण दिसते वापरलेली. माझ्या पुढे एक तरुण चालला होता, त्याच्या पँटीचा मागचा भाग ढगाच्या रंगाचा झाला होता, आणि मी त्या ढगाकडे बघत त्याच्या मागे इतकी गेले की त्याने वळून विचारलं, “आई, काही हवंय का?” मी म्हटलं, “नाही रे, कापड चांगलं आहे.” त्याला काय सांगणार होते? हा रंग ज्यांनी खाल्ला ते माझ्या गावचे आहेत? हसू आलं. इतकी वर्षं या शहरात मी एकटी आहे असं समजून वावरत होते, घरभाडं, कोर्ट, संध्याकाळची मक्याच्या पिठाची उगाली एकटीची, आणि माझ्या आधीपासून तळ्याकडचं कुणीतरी इथे पोचलेलं होतं, सगळ्यांच्या अंगाला लागून फिरत होतं. मला भीती वाटली नाही. फार मोठ्या घरात आपण शिरलोय आणि घरातल्यांना आपलं नाव माहीत आहे, असं काहीतरी वाटलं.

किडा हा शब्द आमच्याकडे आहे. अळी आहे, गोचीड आहे, पोटात होतो तो जंत आहे. दवाखान्यातल्या बायका स्वाहिलीत रोगाच्या जंतूंना बारके किडे म्हणतात आणि भिंतीवर त्यांची दात विचकलेली चित्रं लावतात. मी किडे म्हटलं तर आमची माणसं पोट धरून हसतील आणि म्हणतील, किडे हवेत? न्या की मग, आमच्या शेळ्यांच्या गोचिड्याही न्या. फुकट देऊन मोकळी होतील. रोग म्हटलं तर उठून जातील. बीज म्हटलं तर पेरून दाखवा म्हणतील. हे सगळे शब्द एकेक करून टाकत मी घरी आले, चूल पेटवली, आणि आधणाच्या तळाशी पहिला बुडबुडा सुटला तशी आई आली. ती अशीच येते, आधणाबरोबर. आई मक्याची कणसं कापडाच्या टोकात बांधून झऱ्यात सोडायची आणि कापडाचं दुसरं टोक माझ्या मुठीत द्यायची. “सोडू नको हं जेप्तुम, नाहीतर ती जेवतील आणि आपण बघत बसू.” ती म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. आमची मेलेली माणसं तळ्यात असतात. तळं आधी गावच होतं, एका अपराधासाठी जमीन खचली आणि गाव खाली गेलं, तेव्हापासून जो मरतो तो तिथे जातो. झरे उसळतात ती त्यांची चूल. आमच्यातले जे ख्रिस्ती झाले तेही रविवारी देवळात स्वर्गाचं ऐकून घेतात आणि येताना तळ्याकडे तोंड करून उभे राहतात. वाफ अंगावर आली की आई डोळे मिटून घ्यायची. वाफेला अंड्याचा, गंजलेल्या लोखंडाचा वास, पायाखाली मीठ चरचरायचं, गाई मिठाची जमीन चाटत असायच्या, आणि सगळा काठ अग्निपंख पक्ष्यांनी लाल. मी मूठ घट्ट धरून उभी असायचे आणि कापड आतून ओढल्यासारखं हलायचं.

मग सरकारने तळं जनावरांसाठी राखून ठेवलं आणि माणसांना वर डोंगरावर घालवलं. आई त्याच कोरड्या डोंगरावर तापाने गेली, पाणी पाणी करत, आणि तिला तिथेच मातीत ठेवावं लागलं, कारण तळ्याला कुंपण होतं आणि फाटकावर शिपाई तिकीट मागायचा. मला वडिलांच्या बहिणीने वाढवलं. वडिलांच्या बहिणीला आम्ही सेंगे म्हणतो. सेंगेचं नाव ताप्किगेन, पण ते नाव घ्यायला तिच्याहून मोठं कुणी आता उरलेलं नाही. मातीचं काम आटोपल्यावर सेंगेने मला डोंगराच्या कडेला नेलं, खाली तळं दुधासारखं पडलेलं होतं, आणि म्हणाली, “रडू नको. पोचली बघ ती. आपल्याला तिकीट मागतात, तिला कोण मागणार?” सेंगेचं पुढे सगळं गेलं. गुरं मेली, मुलगा दारूत गेला, एका डोळ्यात पांढरं पडलं. पण आई खाली आहे, आजोबा खाली आहेत, आपणही खालीच जायचंय, हे काही कुणी तिच्याकडून घेऊ शकलं नाही. सकाळी उठून ती कडेला जाते, खाली बघते आणि मगच चूल पेटवते. आणि शनिवारी मी तिच्यासमोर उभी राहून सांगणार होते की तळ्यात कोण आहे ते आम्ही काचेवर घेऊन पाहिलं, तर त्या रंग खाणाऱ्या काड्या निघाल्या. कोर्टात मी माणसांना फाशीची शिक्षा भाषांतर करून ऐकवलेली आहे. तेही इतकं जड गेलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारीच पोचले. सेंगे दाराशी शेंगा सोलत बसली होती. मला बघून उठली नाही, फक्त चांगला डोळा वर केला. “आलीस? अंगावर काही आहे का नाही तुझ्या? कोर्टात काय वारा खायला देतात?” मी म्हटलं, “सेंगे, मागच्या वेळी जाडी झालीस म्हणालीस.” “मागच्या वेळी झाली होतीस. मी काय खोटं बोलते?” तिने दुधी भोपळ्याच्या भांड्यातलं आंबलेलं दूध ओतून दिलं, भांडं आतून कोळशाने घासतात त्याची बारीक पूड त्यात निळसर फिरत होती, आणि मी पिऊन होईपर्यंत ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, “चोरांचंच बोलतेस अजून?” “चोरांचं, पोलिसांचं. दोघांचं.” “आणि उद्या कुणाचं बोलायला आलीस?” मी म्हटलं, “दोघांचंच.” सेंगेने एक शेंग सोलली, दाणे बाजूला टाकले. “किबोवेन सांगत होता, गोऱ्यांनी तळ्यातलं काहीतरी नेलं म्हणून. काय नेलं?” किबोवेन म्हणजे माझे मामा, आईचे भाऊ, बैठकीत शेवटचा शब्द त्यांचा. मी म्हटलं, “उद्या सगळ्यांसमोर सांगते.” “पाणीच नेलं असेल. त्यांच्याकडं पाणी नसेल, बिचारे.” “असेल.” “असेल काय? मला उडवून लावतेस होय गं? लहानपणीसुद्धा तू अशीच, तोंडात गोष्ट धरून ठेवायचीस आणि गाल फुगवून बसायचीस.” खरंच माझे गाल फुगलेले होते की काय कोण जाणे. मी दाणे निवडायला घेतले. तिच्या हातांकडे बघत होते, नखांत हिरवं साचलेलं, आणि मनात म्हणत होते, परवापासून हिने सकाळी कडेला जाऊन खाली बघितलं नाही तर.

बैठक झऱ्यांपासून थोड्याच अंतरावर, मोठ्या उंबराखाली भरली. आता आम्हाला फाटकावर कुणी अडवत नाही, तरी म्हातारी माणसं आत येताना शिपायाकडे न बघता, घाईघाईने येतात. मागे पाणी फुसफुसत होतं, मधूनच एखादा झरा पुरुषभर उसळायचा आणि वारा फिरला की सगळ्यांच्या अंगावर ओली वाफ यायची. पुरुष दगडांवर, बायका पाय पसरून सावलीत, सेंगे अगदी पुढे. डॉक्टरांनी झाडाखाली टेबल मांडून घेतलं होतं, त्यावर छोटा सूक्ष्मदर्शक, गाडीच्या बॅटरीला वायर जोडलेली, आणि सगळ्यावर पांढरा रुमाल झाकलेला. त्या बोलायला लागल्या, छान, सावकाश, आणि माझी पाळी आली. मी किडा म्हटलं नाही. जंत म्हटलं नाही. रात्रंदिवस घोकून मी एक सरळ, खरं वाक्य तयार केलं होतं, ज्यात माझं पदरचं काही नव्हतं. मी म्हटलं, “या उकळत्या पाण्यात राहणारी काही आहेत. ती डोळ्यांना दिसत नाहीत. इतक्या आगीतही ती मरत नाहीत. आपण या काठाला आलो त्याच्या आधीपासून ती इथं आहेत. त्यांतल्या काहींना बाहेरची माणसं घेऊन गेली, आपल्याला न विचारता.” मी थांबले. किबोवेनमामांनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांच्या शेजारच्याने काढली. एकामागून एक सगळ्या टोप्या उतरल्या, बायकांची कुजबुज थांबली, आणि फक्त पाण्याचा आवाज राहिला. मी जरा खूश झाले, वाक्य चांगलं बसलं म्हणून. मग मामांनी खालच्या आवाजात विचारलं, “कुणाकुणाला नेलं?”

कुणाकुणाला. तो शब्द कानात शिरला आणि मी काय बोलून बसले ते मला कळलं. आमच्यात गेलेल्यांचं नाव घेत नाहीत. पाण्यात राहणारी, न दिसणारी, आपल्या आधीची, असंच म्हणतात, याच शब्दांत, लहानपणापासून मी हेच ऐकत आले होते, आणि शहरात बसून अचूक शब्द शोधता शोधता मी नेमके तेच घेऊन आले होते. मी तोंड उघडण्याआधी प्रश्न सुरू झाले. कुठे ठेवलंय त्यांना? मी डॉक्टरांना विचारून सांगितलं, गार पेटीत. “गार?” एका बाईने तोंडावर हात ठेवला. “उकळत्यातली माणसं गं ती.” कामाला लावलं का? लावलं. काय काम? मी म्हटलं, “कपडे धुतात. नवे कपडे जुने करतात.” याच्यावर मागून एक म्हातारा म्हणाला, “नवे कपडे जुने करायला माणसं कशाला लागतात? माझ्या सुनेकडे द्या.” हशा झाला, पण देवळात होतो तसा, दबकत. मामा हसले नाहीत. “कुणाचे कपडे?” “सगळ्या जगाचे, मामा.” “आणि घरी काय पाठवलं?” मी म्हटलं, “काहीच नाही.” “आपलं पोर शहरात कामाला लागलं की घरी देतं. त्यात मागायचं काय असतं? आणि देत नाही त्या मालकाला आपण काय म्हणतो, ते या बाईंना सांग.” ते मी जरा धुऊन सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्या म्हणाल्या, “अगदी हेच कायद्यात आहे. तुमच्या मामांनी एका वाक्यात सांगितलं.” त्यांना वाटत होतं, सगळं सुरळीत चाललंय. आणि खरोखरच चाललं होतं. मी नुसती गप्प राहिले असते तर वाटा ठरला असता, मान मिळाला असता, सेंगेचं काहीच गेलं नसतं. उलट तिला कळलं असतं की तिची माणसं जगभर फिरून आली. मला ते इतकं हवं होतं की तोंडाला पाणी सुटलं. पण होकार आला असता तो भलत्याच गोष्टीला, आणि भलत्या गोष्टीला दिलेला होकार कसा असतो हे मी कोर्टात रोज बघते. न कळता अंगठा उठवलेली माणसं कठड्यातून माझ्याकडे बघत असतात. आणि याहून वाईट म्हणजे, ही भलती गोष्ट आहे याची मला स्वतःला खात्री वाटेना. त्या पिवळ्या अंगणात मी कुणाला पाहिलं होतं?

मी डॉक्टरांकडे न बघता बोलले, माझं स्वतःचं. “मामा, थांबा. मी आपल्या माणसांबद्दल बोलत नव्हते. हे जीव आहेत. डोळ्यांत जाते त्या धुळीहून बारीक. त्यांना हात नाहीत, तोंड नाही. आपली माणसं कुणी नेलेली नाहीत.” टोप्या मांडीवरच राहिल्या. कुणी रागावलं नाही; रागावले असते तर बरं झालं असतं. सेंगेने चांगला डोळा माझ्यावर लावला. “म्हणजे तिथं आपली नाहीत म्हणतेस?” “असं मी म्हटलं नाही, सेंगे.” “मग काय म्हटलंस?”  मला आमची भाषा येते, स्वाहिली येते, इंग्रजी येतं, आणि त्या तिन्हींत मिळून माझ्याकडे तिला द्यायला काही नव्हतं. “तुझी आई खाली आहे का नाही, एवढं सांग,” सेंगे म्हणाली, अगदी साध्या आवाजात, आई शेजारी गेलीय का असं विचारावं तसं. माझे डोळे भरून आले आणि सगळ्यांच्या देखत वाहायला लागले. डॉक्टरांनी माझ्या कोपराला हात लावून विचारलं, काय झालं, आणि मी त्यांना सगळं सांगितलं, टोप्या का काढल्या ते, आईचंही. त्यांनी एकदा झऱ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, “मला नाही हो सांगता येणार. त्यांनाच बघू देत.” आणि टेबलावरचा रुमाल काढला.

मामा आधी गेले. गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, कुठला डोळा मिटायचा ते कळायला वेळ लागला, आणि मग म्हणाले, “अरे, चालतायत.”  उठले तेव्हा त्यांच्या तोंडावर लहान मुलाचा भाव होता, मोठ्यांच्या खोलीत चुकून डोकावलेल्या. “सकाळी गोठ्याचं दार काढल्यावर गुरं जशी निघतात,” ते लोकांना म्हणाले, “कुणी पुढं, कुणी मागं, पण सगळ्यांना कुठंतरी जायचंय.” मग सेंगेला दोघींनी धरून आणलं. तिने खांद्यावरचं कापड सावरलं, चांगला डोळा लावला. शेगडीची धग तिच्या सुरकुत्यांना लागत असेल. लोक उठून जवळ आले होते, झऱ्याची वाफ एकदा सगळ्यांवरून गेली आणि विरली, तरी सेंगे वाकलेलीच होती. तिचे ओठ हलत होते. काहीतरी मोजत होती, किंवा घेऊ नयेत ती नावं घेत होती. मग तिने डोळा काढला, तोंड काचेजवळ नेलं, आणि ओठ मिटून बारीक तुषार उडवला, एकदा, पुन्हा एकदा. डॉक्टरांच्या तोंडून “अगं आई” निघालं आणि त्यांनी हात पुढे केला तोवर काचेवर बुडबुडे चमकत होते. शहरात याला थुंकणं म्हणतात. एकदा कोर्टात एका म्हाताऱ्याने कठड्यातल्या नातवावर असाच तुषार उडवला आणि न्यायाधीशांनी त्याला अपमानासाठी बाहेर काढलं. मला उभं राहून सांगावं लागलं की साहेब, तो पोराला आशीर्वाद देतोय, आणि आशीर्वाद फक्त आपल्या रक्ताच्याला असा देतात. आता बायकांमधून एक लांब, खोल हुंकार आला. मामा जागच्या जागी ताठ झाले. सेंगेने कुणाला थुंकी दिली ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

“हे खराब झालं,” डॉक्टर हळूच म्हणाल्या, “आता यात त्यांच्या तोंडातलेही जीव मिसळले.” मी ते सांगितलं. सेंगेने मान हलवली, मिसळले तर बरंच झालं अशी. मामांनी घसा साफ केला आणि विचारलं, “काय सांगायचं या बाईंना? हो की नाही?” सगळे सेंगेकडे बघत होते. ती माझ्याकडे वळली. “आम्हाला काय विचारता? गेली ती. राबतायत ती. त्यांना विचार, तिकडं बरं आहे का. बरं असेल तर राहू देत, पण घरी देत जावं, आणि वर्षातून एकदा इथं आणून दाखवावं, सणाला आणतात तसं.” मी म्हटलं, “सेंगे, मी कसं विचारू?” “तोंडाने. दुसऱ्यांचं एवढं बोलतेस, आपल्यांशी बोलायला काय झालं?” मी वाकले. डोळा लावला. पिवळं अंगण तेच होतं, पण एका बाजूने थुंकीची कड आत आली होती, चकचकीत, काठासारखी वळलेली. मी आमच्या भाषेत विचारलं, ज्या आवाजात घरातल्या मोठ्यांना विचारतात त्या आवाजात, की बरं आहे का, राहणार का. माझ्या श्वासाने काच धुरकटली आणि साफ झाली. काड्या थबकल्या, गिरक्या घेतल्या, आणि मग त्या कडेकडे निघाल्या, आधी थोड्या, मग दाटीवाटीने. पाणी हललं की तीही हलतात, भूक लागली की अन्नाकडे जातात, एवढं मला कळतं. पण माझ्या अंगावर काटा आला तो गेला नाही.

“काय म्हणतात?” सेंगेने विचारलं. मी म्हटलं, “काही म्हणत नाहीत. तुझ्या थुंकीत शिरलीत.” “सगळी?” “दिसतायत तेवढी सगळी.” मागे मामांनी टोपी डोक्यावर चढवली आणि लोकांना सेंगेचं म्हणणं परत एकदा मोठ्याने सांगितलं, राहू देत, घरी द्यावं, वर्षातून एकदा आणावं, आणि प्रत्येक गोष्टीला सगळ्यांनी हुंकार दिला. सेंगेचं तिकडे लक्ष नव्हतं. ती तळ्याकडे तोंड करून उभी होती आणि सकाळी डोंगराच्या कडेला उभी राहते तशीच, दोन्ही हात पाठीमागे धरून, खाली बघत होती. “ओळखलं,” ती म्हणाली. डॉक्टरांनी मला विचारलं, “काय म्हणाल्या त्या?” मी सांगितलं, “‘ओळखलं’ म्हणाल्या.” “कुणी? कुणाला?”

सेंगेने ते सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.